उजव्या टोकाची मोटर

"नोंद केली?"

तळघरातल्या त्या खोलीत शिरणाऱ्याच्या कानांवर पहिल्यांदा हेच पडायचं. या नाही, बसा नाही. माणूस काळा पडदा सरकवून आत आला रे आला, की अंधारातून हा प्रश्न अंगावर यायचा. मग तो माणूस कालच दाखल झालेला विद्यार्थी असो, नाहीतर दाढी पिकलेला मोठा शास्त्रज्ञ, मुकाट्यानं उलट पावली बाहेर जायचा, दाराशेजारच्या स्टुलावरचं रजिस्टर उघडायचा आणि नाव, वेळ, काचपट्ट्या किती आणि सही असे चार रकाने भरून परत यायचा. एकदा एक जण "नंतर लिहितो" म्हणाला होता. त्याला त्या खोलीत पुढची वेळ मिळाली ती थेट तीन आठवड्यांनी.

म्हणून तिला सगळे नोंदबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. ते वाचणारी ती एकटीच.

सव्वीस वर्षांपूर्वी ती या संस्थेत तीन महिन्यांसाठी लागली होती. कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर गेलं होतं, त्या जागेवर. रजेवरची बाई परत आलीच नाही आणि ही गेलीच नाही. तळघरात एक मोठा मायक्रोस्कोप होता, टेबलासकट उभ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत येणारा. तळघरात अशासाठी, की वरच्या मजल्यांवर इमारत हलते. आपल्याला कळत नाही, पेशीला कळतं. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पेशी थंडी वाजल्यासारखी शहारायची. म्हणून यंत्राखाली दगडी टेबल, टेबलाखाली रबराचे ठोकळे आणि ठोकळ्यांखाली काय, असं कुणी विचारलं तर नोंदबाई म्हणायची, "माझा जीव."

यंत्र चालायचं ते शेजारच्या कॉम्प्युटरच्या हुकमावर. काचपट्टी ज्या सरकत्या पाटीवर ठेवतात तिला सगळे स्टेज म्हणत. ते स्टेज केसाच्या जाडीहूनही कमी अंतरानं डावी-उजवीकडे सरकवायचं, भिंग वर-खाली करायचं, फोटो काढायचा, ही सगळी कामं कॉम्प्युटरची. त्याला आजोबा म्हणत, आणि ते त्याला शोभायचंही. कधीकाळचा पांढरा रंग आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. मधेच खोकायला लागायचा. उजव्या कुशीवर चापट मारली की गप्प बसायचा, पण चापट नेमकी कुठे आणि किती जोरात, हे फक्त नोंदबाईच्या तळहाताला माहीत.

तर एका सोमवारी सकाळी तिनं आजोबांचं बटण दाबलं, रोजच्यासारखी भिंगं पुसायला घेतली, अकरा मिनिटं झाली, बारा झाली. आतून टक् टक् टक् असा आवाज आला. मग तोही थांबला.

"बाई, चापट मारा ना," पडद्यातून डोकं घालत पीएचडीवाली म्हणाली. ही चौथ्या वर्षाची संशोधक, गांडुळाच्या मज्जातंतूंच्या तीनशे काचपट्ट्या घेऊन वाट बघत बसलेली.

"मारली."

"दुसऱ्या बाजूनं?"

"दोन्ही बाजूंनी मारली. आता मारली तर तो मारहाणीचा गुन्हा होईल."

"म्हणजे आजोबा..."

"गेले," नोंदबाई म्हणाली, आणि घड्याळ बघून रजिस्टरात लिहिलं: नऊ वाजून बावीस मिनिटं.

विभागप्रमुख मॅडमनी त्याच दुपारी तिला वर बोलावलं. मॅडम मोजकं बोलत. वाक्य संपलं की हातातल्या पेननं टेबलावर टिंब द्यायच्या.

"किती वर्षांचा होता?"

"एकोणीस, मॅडम."

"माणूस असता तर मतदानाला गेला असता."

"माणूस असता तर कधीच सोडून गेला असता. हा टिकला."

मॅडम हसल्या नाहीत. "नवीन कॉम्प्युटर बुधवारी येतोय. कंपनीचा माणूस येऊन बसवून देईल. शुक्रवारी चारपर्यंत यंत्र त्याच्यावर चाललं तर राहील." टिंब.

"आणि नाही चाललं तर?"

"तर यंत्र भंगारात. खाली बैठकीची खोली करायची. दोन वर्षं मागणी आहे. शुक्रवारी चार वाजता सुतार मापं घ्यायला येतोय."

"आणि मी?"

"तुम्हाला स्टोअरमध्ये जागा आहे. हातमोजे, बाटल्या, टिश्यू पेपर. निवृत्तीला सहाच वर्षं राहिलीत ना?"

नोंदबाई जिना उतरताना मनात हिशेब करत होती. सहा वर्षं हातमोजे वाटायचे. डावा, उजवा. डावा, उजवा.

बुधवारी कंपनीवाला आला. पस्तिशीचा, चपळ, आणि प्रत्येक गोष्टीला "पाच मिनिटं" म्हणणारा. नवा कॉम्प्युटर काळा, सडपातळ, आवाज न करणारा. "हा श्वास तरी घेतो का?" नोंदबाईनं विचारलं.

"बाई, हा सुरू व्हायला नऊ सेकंद घेतो."

"मग मी भिंगं कधी पुसू?"

कंपनीवाला कामाला लागला. त्यानं आजोबांच्या पाठीतून एकेक वायर उपटली आणि खोक्यात टाकली. जुनी नियंत्रणाची पेटी काढली, नवी लावली, नव्या पेटीबरोबर आलेल्या नव्या वायरी जोडल्या. आजोबा आणि खोकं दोन्ही जिन्याखालच्या भंगाराच्या खोलीत गेले. मग त्यानं स्टेजच्या झाकणावर चंदेरी कागदाचा एक चौकोन चिकटवला.

"हे काय?"

"हमीचं सील. हे झाकण उघडलं की सील फाटतं, सील फाटलं की हमी गेली. उघडायचंच असलं तर तुमच्या विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागते. चला, पाच मिनिटं."

त्यानं बटण दाबलं. खरंच नऊ सेकंदांत पडदा उजळला. स्टेज सुरू झालं की आधी डाव्या टोकाला जाऊन टेकतं आणि तिथून अंतर मोजायला लागतं; टेकलं की बारीक 'टिक्' होतं. नोंदबाईनं गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी ते 'टिक्' ऐकलं होतं. आता 'घर्र' झालं, स्टेज थेट उजवीकडे पळालं आणि 'टक्' करून थांबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: डावं टोक सापडलं नाही.

"आं?" कंपनीवाला म्हणाला. "मी डावीकडे जा म्हणतोय, हे उजवीकडे पळतंय."

त्यानं पुन्हा बटण दाबलं. घर्र. टक्. लाल अक्षरं.

"प्रोग्राममध्येच दिशा उलटी करून टाकता येत नाही?" पीएचडीवालीनं विचारलं.

"तिथे कंपनीचं कुलूप आहे. यंत्र रचनेच्या नकाशाप्रमाणेच असतं, उलटं कशाला करायचं? नाही, हे आतलं काहीतरी गेलंय."

नोंदबाई भिंग पुसत राहिली. आतलं काहीही गेलेलं नव्हतं. आत काय आहे ते तिला पक्कं माहीत होतं.

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी स्टेजच्या मोटरमधून तेल गळायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बघायला पाहुणे यायचे होते. नोंदबाई आणि वर्कशॉपचे मिस्त्री, दोघांनी झाकण उघडलं, मोटर काढली, पुसली, पुन्हा बसवली. ती मोटर चार स्क्रूंवर बसते आणि स्टेजच्या दोन्ही टोकांना तसलीच चार भोकं आहेत. नकाशात मोटर डाव्या टोकाला दाखवली होती.

आता मायक्रोस्कोपवाल्यांचं एक असतं. डोळा लावला की आत सगळं उलटं दिसतं. डावीकडची पेशी उजवीकडे, वरची खाली. नवा माणूस सहा महिने चाचपडतो. मग डोकं आपोआप उलट्याचं सुलटं करायला शिकतं, इतकं की आपण काही करतोय हेसुद्धा कळत नाही. नोंदबाईचं डोकं तोवर बारा वर्षं हेच करत होतं. तिनं नकाशा बघितला, नकाशात मोटर डावीकडे होती, आणि तिनं ती मोठ्या आत्मविश्वासानं उजवीकडे बसवली. मिस्त्री स्क्रू पिळत होते. त्यांनी बाई सांगतील तिथे पिळले.

चालू करून बघितलं तर डावीकडे म्हटलं की उजवीकडे. मिस्त्रींची शेवटची बस पाऊण तासात होती. "ताई," मिस्त्री म्हणाले, "मोटर खोलायला तास, बसवायला तास. त्यापेक्षा वायरच उलटी करू. दहा मिनिटांचं काम." त्यांनी वायरीच्या तोंडाशी आतल्या दोन तारांची अदलाबदल केली, वरून हिरवी पट्टी गुंडाळली, आणि यंत्र पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागलं. मोटर उद्या सावकाश दुसऱ्या टोकाला फिरवू, असं ठरलं. आणि नोंद? नोंदही उद्याच करू, मोटर फिरवल्यावर.

दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग शनिवार आला. मग मिस्त्री रजेवर गेले. मग जे चाललंय ते कशाला छेडा. असं करत करत चौदा वर्षं झाली, आणि मिस्त्री निवृत्तही झाले. दर सकाळी हिरवी पट्टी तिच्याकडे बघायची आणि ती हिरव्या पट्टीकडे बघायची नाही. आता ती वायर जिन्याखालच्या खोक्यात होती, आणि नव्या सरळ वायरीवर उलट्या बाजूची मोटर जे करायला हवं तेच करत होती.

त्या संध्याकाळी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

नवऱ्याचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला गेला. तो लोकांना गाडी शिकवायचा. शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो, आणि तीस वर्षांत त्या पायाला इतकी सवय झाली होती, की घरातही धोका दिसला की तो ब्रेक मारायचा.

"सांग," तो म्हणाला.

तिनं सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे तू नोंद केली नाहीस?"

"नाही."

"तू?"

"मी."

"अगं, चौदा वर्षं मी फ्रिजमधलं दूध संपवलं की दारावरच्या कागदावर लिहितोय! तारखेसकट!"

"ते वेगळं."

"काय वेगळं? दूध पांढरं असतं, एवढंच."

"मी इथे रडकुंडीला आलेय आणि तुम्हाला दूध सुचतंय."

"बरं, बरं. मग सांगून टाक की तुझ्या मॅडमना."

"सांगू काय? त्या पीएचडीवालीला मी एका सहीसाठी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणली होती. पाय मुरगळलेला असताना! हसून हसून लोळेल ती."

"लोळू दे."

"तुमचं काय जातंय लोळू दे म्हणायला?"

"माझ्या गाडीच्या मागे हाताएवढ्या अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलंय. अख्खा रस्ता रोज मला हसतो. हॉर्न वाजवून हसतो. मेलो का?"

तिनं ताट उचललं. "तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतं," तो मागून म्हणाला, "की समोर भिंत आली की ब्रेक मारावा. तू चौदा वर्षं नुसती क्लच दाबून बसलीयस."

गुरुवारी कंपनीवाल्यानं तीन वेळा वायरी बदलून पाहिल्या. त्याची "पाच मिनिटं" आता पाऊण-पाऊण तासाची व्हायला लागली. फोनवर तो कुणालातरी म्हणताना तिनं ऐकलं, "आतला बोर्ड गेलाय सर. नाही, तो आता कुणीच बनवत नाही."

नोंदबाई जिन्याखाली गेली आणि मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री आता लेकीच्या घरी गच्चीत कुंड्या सांभाळायचे.

"ताई! किती वर्षांनी! तब्येत?"

"मिस्त्री, ती हिरव्या पट्टीची वायर."

"अजून चालतेय?"

"गेल्या आठवड्यापर्यंत चालत होती."

"चौदा वर्षं! बघा, हाताचं काम म्हणतात ते हे. आजकालची पोरं..."

"मिस्त्री, कौतुक नंतर. कॉम्प्युटर बदलला. त्यानं नवी वायर लावली आणि यंत्र उलटं पळतंय. उद्या चारला भंगारात जाणार."

"मग जुनी लावा की गुपचूप. कुणाला कळतंय?"

हे तिला पटलं. ती भंगाराच्या खोलीत शिरली. आजोबा कुशीवर पडले होते, त्यांच्याखाली ते खोकं. तिनं दोन्ही हातांनी आजोबांना उचलून बाजूला बसवलं, खोकं उपसलं, हिरवी पट्टी सापडली. कंपनीवाला चहाला गेला होता. तिनं धावत जाऊन वायर नव्या पेटीला लावायला घेतली आणि जागच्या जागी थिजली. जुन्या वायरीचं तोंड लांबट, चपटं. नव्या पेटीचं भोक गोल. तिनं उलटी करून बघितली, तिरकी करून बघितली, हळूच दाबून बघितली. मग पुन्हा जिन्याखाली येऊन फोन.

"बसत नाही, मिस्त्री."

"मग झाकण उघडा आणि मोटरच फिरवून टाका. दोन तासांत कुणी येतंय?"

"झाकणावर सील आहे. उघडायला मॅडमची परवानगी लागते. परवानगी मागायची म्हणजे कारण सांगायला लागतं."

मिस्त्रींनी मोठा श्वास सोडला. "ताई, मग आता तोंडच उघडा. त्याला काही सील नाही."

तिनं तोंड उघडलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवारची सकाळही गेली. दोनदा ती मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा शेपूट घालून परत आली. एकदा तर आत डोकावून "काही नाही, सहज" असंसुद्धा म्हणाली, आणि सव्वीस वर्षांत ती कुठेच सहज गेली नसल्यामुळे मॅडम तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

एक वाजता कंपनीवाल्यानं टेबलावर एक कागद ठेवला.

"बाई, माझ्याकडून झालं. खूप प्रयत्न केला. दुरुस्ती अशक्य, असा अहवाल दिलाय. यंत्राच्या जबाबदार म्हणून इथे तुमची सही."

नोंदबाईनं पेन काढलं. सही करण्यापूर्वी वाचायचं, ही तिची सवय. ती वाचायला लागली. पीएचडीवाली दारातल्या पडद्याशी उभी होती, काचपट्ट्यांचा डबा छातीशी धरून.

"हे काय लिहिलंय?" नोंदबाई म्हणाली. "'यंत्राच्या मूळ रचनेत कोणताही बदल केलेला नाही.'"

"ते छापीलच असतं. सगळ्या अहवालांवर असतं."

"छापील असलं तरी खोटं आहे."

"म्हणजे?"

तिनं पेनचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. सव्वीस वर्षांत तिनं एकही खोटी सही केली नव्हती. नोंद न केलेली एक गोष्ट पोटात घेऊन ती चौदा वर्षं हसतखेळत जगली होती. पण खोट्या ओळीखाली सही करायची म्हटल्यावर हातच उचलेना.

"मोटर चुकीच्या टोकाला आहे," ती म्हणाली. "उजव्या. मी बसवलीय. बोर्डबिर्ड काही गेलेला नाही."

कंपनीवाल्याचा आ वासला. "आणि हे तुम्ही मला तीन दिवसांनी सांगताय?"

"तुम्हाला तीन दिवसांनी. बाकीच्यांना चौदा वर्षांनी. तुमचं नशीब चांगलं."

"बाई!" पीएचडीवाली पडद्याशी किंचाळली. "आणि मला लंगडत खाली बोलावलं होतंत! एका सहीसाठी!"

"हस," नोंदबाई म्हणाली. "काय हसायचं ते हसून घे. मग बाहेरचं रजिस्टर आण."

पीएचडीवाली खरंच हसली. भिंतीला टेकून, डबा सांभाळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. रजिस्टर मात्र आणलं. नोंदबाईनं चौदा वर्षांपूर्वीची ती तारीख लिहिली, झालेला प्रकार लिहिला, 'आज नोंदवले' असं लिहिलं, सही केली आणि रजिस्टर काखोटीला मारून जिना चढली. कंपनीवाला आणि पीएचडीवाली तिच्यामागून.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. तारखेवर पेन ठेवलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते," नोंदबाई म्हणाली. "चार जण. म्हणून घाई झाली. म्हणजे घाई झाली हे कारण नाही, चूक माझीच, पण..."

"कोण होते पाहुणे, आठवतंय?"

"नाही. मी कुणाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. सगळा वेळ वायरीकडे बघत होते."

"त्या चारांत मी होते."

नोंदबाईनं मान वर केली.

"ही नोकरी घ्यावी की नाही, ते बघायला आले होते. दुसरीकडचंही पत्र होतं हातात. तुम्ही स्टेज चालवून दाखवलंत. लोण्यातून सुरी जावी तसं सरकत होतं. मी वर आले आणि संस्थेला हो म्हणून टाकलं." मॅडमनी शेवटी टिंब दिलं. "म्हणजे मी एका उलट्या वायरीवर भाळून इथे आले."

कंपनीवाला छताकडे बघत होता. पीएचडीवालीनं ओठ दातांत धरले होते.

"माफ करा, मॅडम," नोंदबाई म्हणाली.

"ते नंतर बघू. किती वेळ लागेल?"

"खोलायला तास, बसवायला तास."

"पावणेदोन झालेत. परवानगी देते, सील फोडा. पण मोटर तुम्ही फिरवायची, यांनी नाही. आणि चार म्हणजे चार. सुताराला मी परत पाठवणार नाही."

खाली आल्यावर नोंदबाईनं चष्मा पुसला, बाह्या वर केल्या आणि नखानं सील फाडलं. कंपनीवाल्यानं डोळे मिटून घेतले. "आजवर माझ्यासमोर कुणी फाडलं नव्हतं," तो म्हणाला.

"बॅटरी धरा. हात हलवू नका."

झाकण निघालं. मोटर उजव्या टोकाला, चौदा वर्षांची धूळ पांघरून बसलेली. पहिला स्क्रू सुटला. दुसरा सुटला. तिसरा कुरकुरत सुटला. चौथा हलेना. पेचकस त्याच्या डोक्यावर नुसता गरागरा फिरायला लागला. खाचच झिजली होती. तीन वाजायला आले.

"मिस्त्रींनी पिळलेला आहे हा," ती घामाघूम होऊन म्हणाली. "त्यांची सगळी कामं टिकतात."

"ड्रिल मारू?" कंपनीवाल्यानं विचारलं.

"भिंगाशेजारी ड्रिल? माझ्या अंगावर मारा त्यापेक्षा." ती वळली. "ए, तुझ्या केसांचं रबर दे."

"माझं?" पीएचडीवालीनं केस सोडले. नोंदबाईनं कात्रीनं रबर उभं चिरलं, तो चपटा तुकडा स्क्रूच्या झिजलेल्या खाचेवर ठेवला, वरून पेचकस रोवला आणि अंगाचा सगळा भार टाकून हळूहळू फिरवला. रबरानं खाच धरली. कर्र... आणि स्क्रू हलला.

"असलं कुठे शिकलात?" कंपनीवाला बॅटरी हलवत म्हणाला.

"हात!"

"सॉरी."

मोटर तिच्या तळहातावर आली. नकाशा समोर टेबलावर पसरलेला होता. ती नकाशाकडे बघायला लागली, आणि थांबली. डोकं पुन्हा आपोआप उलटं करून घेईल, ही भीती तिला सरळ दिसत होती.

"तू सांग," ती पीएचडीवालीला म्हणाली. "डोळा लावून चार वर्षंच झालीत तुला, अजून पूर्ण बिघडली नसशील. मोटर कुठे?"

"डावीकडे, बाई."

"बोट दाखव. तोंडानं नको."

पीएचडीवालीनं बोट दाखवलं. कंपनीवाल्यानंही दाखवलं. दोन्ही बोटं एकाच टोकाकडे. नोंदबाईला ते टोक चुकीचं वाटत होतं. हाडामांसातून चुकीचं वाटत होतं. तिनं मोटर तिथेच बसवली. चौथ्या भोकात जुना झिजलेला स्क्रू नको म्हणून कंपनीवाल्यानं आपल्या पेटीतला नवा दिला.

चारला सात मिनिटं कमी असताना पडदा सरकला आणि मॅडम आत आल्या. त्यांच्यामागे सुतार, कानावर पेन्सिल, हातात मापाची पट्टी.

"चला," मॅडम म्हणाल्या.

कंपनीवाल्यानं बटणाकडे हात नेला, मग मागे घेतला आणि खुर्ची सोडून उठला. "तुम्हीच," तो नोंदबाईला म्हणाला.

तिनं बटण दाबलं. नऊ सेकंद. तिच्या उभ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब नऊ सेकंद. त्यांपुढे आजोबांची अकरा मिनिटं काहीच नव्हती. मग बारीक गुणगुण झाली. स्टेज डावीकडे निघालं, न अडखळता, न कुरकुरता, टोकापर्यंत गेलं.

टिक्.

पडद्यावर हिरव्या अक्षरांची ओळ आली, पण ती कुणी वाचलीच नाही. पीएचडीवाली मोकळ्या केसांनिशी पुढे झेपावली, डब्यातली पहिली काचपट्टी काढून तिनं स्टेजवर ठेवली, आणि नोंदबाईनं भिंग हळूहळू खाली आणलं. धूसर राखाडी गोळा. जरा स्पष्ट. आणखी जरा. आणि एकाएकी गांडुळाचा मज्जातंतू पडद्यावर उभा राहिला, बारीक फांद्यांसकट, कुणी नुकताच काढून ठेवल्यासारखा.

"अगं बाई," पीएचडीवाली म्हणाली. एवढंच.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, वाकून दोन्ही डोळे भिंगाच्या नळ्यांना लावले आणि एका हातानं बटणं दाबत स्टेज थोडं डावीकडे सरकवलं. थोडं उजवीकडे. पुन्हा डावीकडे. सुतार पट्टी अर्धी ओढून वाट बघत होता.

"मॅडम," शेवटी तो खाकरला, "मापं घ्यायची ना?"

"घ्या की," मॅडम नळ्यांतून डोळे न काढता म्हणाल्या.

नोंदबाईच्या हातातला पेचकस टेबलावर आदळला.

"वर जा. दुसरा मजला, डावीकडची केबिन. माझी आहे. तिची घ्या."

सुतारानं पेन्सिल कानावरून काढली. "ती मघाशी बघितली मी येताना. बारा खुर्च्या नाहीत बसायच्या तिच्यात."

"मग उभ्यानं बैठका घेऊ," मॅडम म्हणाल्या. "लवकर संपतील. बाई, जरा वरची फांदी दाखवा हो. सावकाश. पळवू नका."